आरशावरचे पाच शब्द

पत्रलेखिका ३९ वर्षांच्या आहेत. नोकरी करतात. घरी नवरा आणि ११ वर्षांचा मुलगा आहे, वडील दुसऱ्या गावी एकटे राहतात. वर्षभरापूर्वी ऑफिसातल्या एका कार्यशाळेत त्यांना साठ-सत्तर शब्दांचा छापील कागद मिळाला. त्यातून आधी दहा, मग पाच ‘आपली मूल्यं’ निवडायची होती. त्यांनी निवडलं: प्रामाणिकपणा, कुटुंब, आरोग्य, स्वातंत्र्य आणि सतत शिकत राहणं. या पाच शब्दांचं कार्ड तेव्हापासून आरशाच्या कडेला खोचलेलं आहे. कुठलाही निर्णय घेताना या पाचांना विचारायचं, असं तिथे सांगितलं होतं. त्या विचारतात, आणि पाच जण पाच उत्तरं देतात. एका सहकारी मैत्रिणीच्या चुकीबद्दल वरिष्ठांनी विचारलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. नाव नोंदवलेले तीन ऑनलाइन अभ्यासक्रम अर्धवट पडले आहेत. चालायला जायचं रोज ठरतं आणि रोज राहतं. आता बढती चालून आली आहे: नऊ जणांची टीम, पण आठवड्यातून तीन संध्याकाळी उशिरापर्यंत कॉल. महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ‘कुटुंब’ म्हणतं नको, ‘शिकणं’ म्हणतं घे, ‘स्वातंत्र्य’ दोन्हीकडून बोलतं. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘‘माझी मूल्यं खोटी आहेत, की मीच खोटी आहे?’’

*

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं त्या कार्डाबद्दल आहेत. मला मात्र सहीच्या खाली घाईघाईने लिहिलेला ताजा कलम जास्त बोलका वाटला. अभ्यासक्रम अर्धवट का राहिले याचा खुलासा म्हणून तुम्ही लिहिलंय, की मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे बिनपगारी रजा घेऊन तुम्ही त्यांच्याकडे जाऊन राहिलात. आणि लगेच पुढे: ‘‘पण तो काही मी घेतलेला निर्णय नव्हता. ते झालंच.’’

सहा आठवड्यांचा पगार गेला. ऑफिसात वर्षातले सर्वांत धावपळीचे दिवस होते, मुलाची परीक्षा तोंडावर आली होती, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा आरशावरच्या कार्डाला काही विचारावं असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. बॅग भरली आणि निघालात. अहो, मूल्य म्हणतात ते हेच! ज्या बाबतीत मनात उत्तर पक्कं असतं, तिथे आपण निर्णय घेतला असं आपल्याला वाटतच नाही. निर्णय घ्यावा लागतो तो दोन्ही पारडी जवळपास सारखी असतात तिथे. म्हणून आपली मूल्यं शोधायला आपण बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. ज्या प्रश्नांनी झोप उडवली त्यांच्यापाशी बसतो. ज्यांनी उडवायला हवी होती आणि उडवली नाही, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

आता तुमचा प्रश्न. मूल्यं खोटी की मी खोटी, असं तुम्ही विचारता तेव्हा एक गोष्ट धरूनच चालता: कार्डावर आहेत तीच तुमची मूल्यं. मला तिथेच शंका आहे. कार्यशाळेतल्या कागदावर सगळेच शब्द चांगले असतात. प्रामाणिकपणावर काट मारायचा धीर कुणाला होणार, तेही शेजारी सहकारी बसलेले असताना? अशा वेळी आपण आपली मूल्यं निवडत नाही, आपल्याला कसं दिसायला आवडेल ते निवडतो. मीही एकदा अशी यादी केली होती. माझ्या यादीत ‘संयम’ होता. घरच्यांनी ती वाचली आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

शिवाय शब्दांवरून माणसं फारशी वेगळी दिसत नाहीत. शालोम श्वार्ट्झ या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये माणसाच्या मूलभूत मूल्यांची दहा गटांत मांडणी केली. पुढे अनेक देशांतल्या लोकांची उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा आपल्या माणसांचं भलं व्हावं, आपल्या बुद्धीने जगता यावं आणि सगळ्यांना न्याय मिळावा, या तीन गोष्टी जवळपास सगळीकडे वरच्या क्रमांकांवर निघाल्या, आणि सत्ता तळाशी. म्हणजे तुमचं कार्ड आणि तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं कार्ड बरंचसं सारखं असणार. आणि तरी तुम्ही दोघी एकाच प्रसंगात अगदी उलट वागाल. फरक शब्दांत नाही, कुठल्या शब्दासाठी काय सोडायची तयारी आहे त्यात आहे.

याच श्वार्ट्झ यांच्या मांडणीतली आणखी एक गोष्ट तुम्हाला हायसं वाटावं म्हणून सांगते. त्यांनी ती दहा मूल्यं एकाखाली एक लिहिली नाहीत, वर्तुळात मांडली. शेजारशेजारची एकमेकांशी जमवून घेतात, समोरासमोरची भांडतात. जवळच्यांचं हित जपणं आणि स्वतःचं कर्तृत्व गाजवणं समोरासमोर येतात. मनासारखं जगणं आणि सुरक्षित राहणं, तीही समोरासमोर. तेव्हा पाच जण पाच उत्तरं देतात याचा अर्थ तुमच्यात काही बिघाड आहे असा नाही. सगळी मूल्यं एकाच सुरात बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. एखादा भेटलाच, तर त्याने बाकीच्यांची तोंडं बंद केली असावीत असं मी समजेन.

मग शब्दांच्या जागी काय? वाक्य. ही युक्ती बरीच जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने विशीत असताना स्वतःला सुधारण्यासाठी गुणांची यादी केली, वही आखली आणि दर आठवड्याला एक गुण घेऊन त्यावर लक्ष ठेवलं. पण तो नुसत्या शब्दांवर थांबला नाही. एकाच शब्दाखाली वेगवेगळे लेखक वेगवेगळं काही सांगतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून प्रत्येक गुणापुढे त्याने आपल्यापुरता अर्थ सांगणारं एक छोटं वाक्य लिहिलं. (यातली व्यवस्थितपणाची परीक्षा त्याला शेवटपर्यंत जड गेली, हे त्यानेच आत्मवृत्तात कबूल केलंय. आपल्यासारख्यांना तेवढाच धीर.)

मी त्यात एका शब्दाची भर घालते: ‘तरी’. मूल्याचं वाक्य लिहिताना त्यात ‘तरी’ आलाच पाहिजे. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य कुणीही म्हणेल. ‘मी ज्याचं त्याला तोंडावर सांगते, त्याला वाईट वाटलं तरी’ असं म्हणायला थोडं थांबावं लागतं, आणि ‘माझी चूक मी आपणहून सांगते, बढती गेली तरी’ म्हणताना आणखी जरा जास्त. ‘तरी’च्या आधी मूल्य असतं आणि त्याच्या सोबत त्याची किंमत असते. ‘तरी’ नसलेलं वाक्य म्हणजे शुभेच्छा. शुभेच्छापत्र आरशावर लावायला माझी हरकत नाही, पण त्याला बढतीबद्दल विचारायला जाऊ नका.

आता तुमच्याच पत्रातून ‘तरी’ची वाक्यं काढून पाहू. एक तर ताजा कलमात आहेच: माणूस अडचणीत असताना मी त्याच्याजवळ असते, पगार गेला तरी, काम तुंबलं तरी. ‘कुटुंब’ या शब्दात हे बसतं असं तुम्ही म्हणाल. पण ‘कुटुंब’ म्हणताना तुमच्या डोक्यात रोज संध्याकाळी सात वाजता घरी असणं आहे, आणि तुमच्या वागण्यात दिसतंय ते वेगळंच आहे: अडीनडीला धावून जाणं. दोन्ही चांगलं. पण एक नाही. काही माणसं रोजच्या सहवासाची असतात, काही प्रसंगाला उभी राहणारी असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी स्वतःला पहिल्या मापाने मोजलं की आयुष्यभर अपराधी वाटत राहतं.

दुसरं वाक्य पान दोनवर आहे. ऑफिसच्या बैठकीत नव्या मुलीने केलेलं काम दुसऱ्याच कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, की हे तिने केलंय. वर्षात दोनदा हे घडलं. तुम्ही त्याचं वर्णन ‘‘उगाच वाईटपणा घेतला’’ असं केलंय. उगाच? ना ती मुलगी तुमची नातलग, ना तुम्हाला त्यातून काही मिळणार होतं. पदराला खार लावून माणूस एकच गोष्ट दोनदा करतो तेव्हा ती उगाच नसते. ‘ज्याचं श्रेय त्याला मिळालंच पाहिजे, मी वाईट ठरले तरी.’ याला न्यायाची चाड म्हणतात, आणि तुमच्या कार्डावर तो शब्दच नाही! साठ-सत्तर शब्दांत तो असणारच. तुम्ही तो उचलला नाहीत, कारण तुमच्या लेखी तो गुण नव्हता, फटकळपणा होता. आपली पक्की मूल्यं आपल्याला बरेचदा आपले दोष म्हणूनच माहीत असतात.

याउलट ‘सतत शिकत राहणं’. तीन अभ्यासक्रम, तिन्ही अर्धवट. बाबांचं ऑपरेशन हे एका अर्धवट अभ्यासक्रमाचं कारण झालं, बाकी दोन त्याआधीच थांबले होते, तारखा तुम्हीच दिल्यात. इथे स्वतःला एक खोचक प्रश्न विचारून पाहा: मी हे शिकतेय हे कुणालाच कधी कळणार नसेल, प्रमाणपत्र नाही, कुठे नाव नाही, तर मी शिकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर विषय बदला, शिकणं सोडू नका. ‘नाही’ असेल तर हे मूल्य उसनं आहे, ज्याचं त्याला परत करून टाका. उसनं असण्यात लाज नाही. शाळा, ऑफिस, यशस्वी मैत्रिणी, सगळ्यांकडून आपण काही ना काही उसनं आणतो. फक्त ते आपलं नाही हे माहीत असावं, म्हणजे ते जमलं नाही तर खोटेपणाचा शिक्का स्वतःवर मारायची वेळ येत नाही.

राहिला प्रामाणिकपणा, ज्याने तुमचं मन सर्वांत जास्त खाल्लंय. वरिष्ठांनी विचारलं, ‘‘यात नेमकी चूक कुणाची?’’ आणि मैत्रीण समोर बसलेली असताना तुम्ही गप्प राहिलात. खोटं बोलला नाहीत. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणावर ठपकाही आला नाही, असं तुम्ही स्पष्ट लिहिलंय. हे जर वेगळं असतं, तिला वाचवण्यात तिसरं माणूस अडकलं असतं, तर मी आज तुम्हाला निराळं पत्र लिहिलं असतं. तसं नसताना तुमचं गप्प राहणं हा खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. चारचौघांत माणसाला उघडं पाडायचं नाही, हे तुमच्या पहिल्या वाक्याचंच धाकटं भावंड आहे. पण एक गोष्ट मात्र राहून गेली. वरिष्ठांना न सांगितलेलं खरं तुम्ही मैत्रिणीलाही सांगितलं नाहीत. ते तिचं देणं होतं. ‘तेव्हा मी गप्प बसले, पुन्हा बसणार नाही’, एवढं तिला एकटीला गाठून सांगा. मला वाटतं मनाचं खाणं तिथे थांबेल. नाही थांबलं तर मी चुकले, आणि तुमचा प्रामाणिकपणा मला वाटतो त्याहून कडक आहे. तेही कळलेलं बरं.

हे सगळं मी पत्रावरून वाचलं. पत्र म्हणजे चार पानं, तुम्ही म्हणजे ३९ वर्षं. तेव्हा माझ्या वाचनावर विसंबू नका, स्वतः शोधा. दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा आणि त्यात निर्णय लिहू नका. चरफड लिहा. कुठे राग आला, कुणाचा हेवा वाटला, कुठे एकदम हायसं वाटलं, कुठे मनाला रुखरुख लागली. रोज एखादी ओळ, तीही जमेल तशी. पंधरवड्यानंतर वाचाल तेव्हा त्यात दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील.

या सगळ्या नोंदींचं वजन सारखं नसतं. जिथे स्वतःचं काहीच बिघडलेलं नाही आणि तरी राग आलाय, ती नोंद सर्वांत भरवशाची. त्यात स्वार्थाची भेसळ नसते. हेवासुद्धा कामाचा असतो. मैत्रिणीच्या मोठ्या घराचा हेवा वाटला नाही पण तिला दुपारी दोन तास एकटं बसायला मिळतं याचा वाटला, तर काहीतरी कळलं ना? सर्वांत कमी विश्वास अपराधीपणावर ठेवा. अपराधीपणाचा आवाज आपला वाटतो, पण नीट ऐकलं तर तो बरेचदा दुसऱ्या कुणाचा तरी असतो: आईचा, साहेबांचा, नणंदेचा. तो आला की आधी विचारायचं, कोण बोलतंय?

वहीशिवाय आणखी एक करा. तुम्हाला बरीच वर्षं ओळखणाऱ्या आणि तुमची भीड न बाळगणाऱ्या दोन माणसांना विचारा, ‘मी कशासाठी भांडते?’ ‘माझी मूल्यं कोणती’ असं विचारू नका, माणसं गोड बोलतात. फ्रँकलिनच्या यादीत आधी बाराच गुण होते. एका मित्राने त्याला सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि उदाहरणंही दिली. तेव्हा तेरावा गुण म्हणून नम्रता आली. स्वतःच्या पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे जे आपण करतो तेच आपलं मूल्य, जे करत नाही ते नाही. मग चालायला जात नाही म्हणजे आरोग्याचं मला काही नाही? नाही, इतकं सरळ नसतं ते. डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला असेल अशी व्यवस्था केली होती. काही विद्यार्थ्यांचं भाषण रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधल्या गोष्टीवरच होतं! तरी भाषणाच्या विषयाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला घाईने. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी १० टक्के.

त्या पळणाऱ्या मुलांना दयामाया नव्हती असं मला म्हणवत नाही. त्यांच्याकडे श्वास घ्यायला जागा नव्हती. तुमच्या संध्याकाळचं वर्णन वाचताना मला तीच मुलं आठवली. ऑफिसातून निघायला उशीर, मुलाचा अभ्यास, बाबांना फोन, आणि या सगळ्यात रोज नव्याने ठरवायचं की आज चालायला जायचं का. दमलेल्या माणसाला रोज तोच प्रश्न विचारला तर तो रोज ‘उद्या’ म्हणणारच. इथे मूल्य कमी पडत नाही, मोकळीक कमी पडते. अशा ठिकाणी आत्मपरीक्षण थांबवून साधा नियम करावा: बाबांना फोन करायचा तो चालत चालतच. एकदा ठरवलं, संपलं. रोजच्या बारीकसारीक गोष्टींत मूल्यांना बोलवायचंच नसतं. त्यांना वर्षातून चार वेळा बोलवावं, त्यांच्याकडून नियम करून घ्यावेत आणि मधल्या काळात नियमांनी काम चालवावं.

आणि अचानक कुणी काही मागितलं, तर ‘उद्या सांगते’ हे वाक्य तोंडात बसवून घ्या. तुमच्यासारख्या धावून जाणाऱ्या माणसांना ते अवघड जातं. पण खरी अडीनडी आणि नुसती मागणी यातला फरक एका रात्रीत आपोआप कळतो. अडीनडी असेल तर तुम्ही उद्यापर्यंत थांबणारच नाही, हे तर तुम्ही दाखवलंच आहे.

ज्यांच्या पत्रात असा बोलका ताजा कलम नाही, अशा वाचकांसाठी चार ओळी. विशी-पंचविशीत मोठी किंमत मोजायचे प्रसंग फारसे आलेले नसतात. त्यांनी छोटे पुरावे पाहावेत. कुणाच्या मेसेजला लगेच उत्तर जातं, कुठल्या कामात दिरंगाई होतच नाही, कशासाठी सुट्टीच्या दिवशी लवकर जाग येते. सापडेल ते पेन्सिलीने लिहावं, कारण ते बदलणार आहे आणि बदलायलाच हवं. आणि आठवडेच्या आठवडे वहीत लिहायलाच काही नसेल, ना राग, ना हेवा, ना आनंद, सगळंच सपाट वाटत असेल, तर प्रश्न मूल्यांचा नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, यादी नंतर करा.

आता बढती. कार्डाच्या हिशेबाने हा ‘कुटुंब’ विरुद्ध ‘शिकणं’ असा सामना होता, आणि त्यात तुम्ही अडकलात यात नवल नाही, कारण त्यातलं एक मूल्य चुकीच्या मापाचं आणि दुसरं कदाचित उसनं होतं. तुमच्या ‘तरी’च्या वाक्यांना विचारून पाहा, प्रश्नच बदलतो. नऊ जणांची टीम म्हणजे नऊ जणांचं श्रेय ज्याचं त्याला मिळतंय की नाही हे बघण्याचा अधिकार. आज तुम्ही बैठकीत वाईटपणा घेऊन जे करता ते उद्या तुमचं कामच असेल. या अंगाने तुम्ही विचार केलेला पत्रात कुठे दिसत नाही. बढती म्हणजे पगार आणि शिकणं एवढंच तुम्ही पाहिलंत.

दुसऱ्या बाजूला, अडचणीत धावून जायला वेळ हाताशी लागतो. तीन संध्याकाळी कॉल असताना उद्या बाबांना पुन्हा गरज लागली तर सहा आठवडे निघता येईल का? मला विचाराल तर खरा पेच इथे आहे, सात वाजता घरी असण्यात नाही. मुलाबद्दलही एक सांगते. तीन संध्याकाळी आई घरी असून फोनवर असणं आणि नसणंच, यातलं त्याला काय जास्त खुपेल हे तुम्ही गृहीत धरलंय, त्याला विचारलेलं नाही. ११ वर्षांच्या मुलाचं मत असतं. निर्णय त्याच्यावर टाकू नका, पण विचारा.

काहीही ठरवलं तरी एक मूल्य हरणार आहे. त्याला हरलं म्हणून सोडून देऊ नका, त्याचं देणं लागतो असं समजा. बढती घेतलीत तर उरलेल्या चारांपैकी एक संध्याकाळ मुलाची, कॅलेंडरात लिहिलेली, कुणासाठीही न हलणारी. नाकारलीत तर त्या नव्या मुलीसारख्यांच्या पाठीशी उभं राहायची दुसरी वाट शोधा, नाहीतर दोन वर्षांनी ‘घरासाठी मी सोडलं’ हे वाक्य तुमच्या तोंडी येईल आणि घराला ते ऐकावं लागेल.

माझा कल विचारत असाल तर तो घेण्याकडे आहे, थोडासाच. पण त्याआधी वरिष्ठांना दोन गोष्टी विचारा, तोंडी नको, लेखी: तीनऐवजी दोन संध्याकाळी कॉल चालतील का, आणि घरी गरज पडली तर सलग रजेच्या काळात टीम कोण सांभाळेल. पहिल्याला ‘नाही’ आलं तर विचार करा. दुसऱ्याला ‘नाही’ आलं, तर मला वाटतं तुम्हाला कार्डाकडे बघावंच लागणार नाही. महिनाअखेरीला अजून वेळ आहे, मेल या आठवड्यात जाऊ द्या.